फ्रेंडशिप शिखर: जूनच्या बर्फावर चढायचं ते घड्याळ बघून

मनालीच्या वर, पीर पंजाल रांगेत, बियास कुंडाच्या खोऱ्याला लागून फ्रेंडशिप शिखर आहे. उंची ५२८९ मीटर. हिमालयाच्या हिशेबात हे लहानच. कड्यावरचं अवघड प्रस्तरारोहण नाही, उतार बहुतांशी ३० ते ४५ अंशांचा, आणि मे-जूनमध्ये वरचा सगळा भाग बर्फाखाली. महाराष्ट्रातून बरेच गट पहिलं बर्फाचं शिखर म्हणून हेच निवडतात. त्यातले जे परत फिरतात, ते दरवेळी ताकद संपली म्हणून फिरत नाहीत. पुष्कळदा उशीर झालेला असतो, आणि सूर्य वर आल्यावर तोच उतार वेगळाच होऊन बसतो. म्हणून इथली सगळी तयारी, खाण्यापासून क्रॅम्पॉनच्या (बुटाखाली बांधायच्या धातूच्या दात्यांच्या) पट्ट्यांपर्यंत, एका गोष्टीभोवती बांधायची: रात्री गोठलेल्या बर्फावरून वर जायचं आणि तो सैल होण्याआधी उताराखाली यायचं.

बर्फ दिवसभरात कसा बदलतो

हिवाळ्यातला बर्फ मे महिन्यापर्यंत दबून, वितळून, पुन्हा गोठून दाणेदार झालेला असतो. निरभ्र रात्री पृष्ठभागाची उष्णता आकाशात निघून जाते आणि वरचा थर कडक होतो. त्यावर क्रॅम्पॉन करकर आवाज करत बसतात, पाय जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर रुततो. ऊन लागल्यावर दाण्यांमधलं बंधन सुटतं आणि अकरा-बाराच्या सुमारास तोच थर भिजलेल्या रव्यासारखा होतो. मग गुडघ्यापर्यंत पाय जातो, क्रॅम्पॉनखाली गोळे धरतात, वरून ओल्या बर्फाचे लोट सुटू लागतात आणि गोठून अडकलेले दगड मोकळे होऊन खाली येतात.

इथे एक बारकावा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. थंडी किती वाजते यावरून बर्फ गोठला की नाही ते कळत नाही. रात्रभर ढग असतील तर उष्णता अडकून राहते; तुम्ही तंबूत कुडकुडत असता आणि बाहेरचा बर्फ मात्र सैलच असतो. त्यामुळे निघण्याआधी तंबूपासून पन्नास पावलं चढावर जाऊन बघायचं. पूर्ण वजन टाकल्यावर बूट घोट्याच्या खालीच थांबला तर निघा. पोटरीपर्यंत गेला तर अर्धा तास वर जाऊन पुन्हा तपासा, कारण उंचीवर बर्फ घट्ट असू शकतो. तिथेही तेच असेल तर त्या रात्री शिखर नाही, परत येऊन झोपायचं. यासाठीच कार्यक्रमात एक राखीव दिवस लागतो, आणि 'पाच दिवसांत शिखर'वाल्या स्वस्त सहलींमध्ये नेमका तोच कापलेला असतो.

मे की जून? मेच्या सुरुवातीला बर्फ जास्त, त्यामुळे हिमनदीतल्या खोल भेगा झाकलेल्या, पण नवा बर्फ पडण्याची शक्यताही जास्त. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात बर्फ जास्त घट्ट आणि हवा बहुधा स्थिर. पण वरच्या टप्प्यातल्या भेगा उघडू लागतात. जूनच्या अखेरीस पावसाळा हिमाचलात पोचतो. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी जूनचा पहिला आठवडा धरावा.

दिवसांची आखणी

मनाली २०५० मीटरवर आहे. तिथे दोन रात्री काढा. पहिल्या दिवशी सामान भाड्याने घेणं, दुसऱ्या दिवशी आसपास चार-पाचशे मीटर चढून उतरणं. तिसऱ्या दिवशी सोलंगमार्गे गाडीने धुंदीपर्यंत. अटल बोगद्याचं दक्षिण तोंड याच बाजूला आहे. धुंदीहून तीन-चार तासांत बकरथाच, साधारण ३३०० मीटर. थाच म्हणजे मेंढपाळांचं कुरण. इथे दोन रात्री घाला, कारण मनालीहून एकदम साडेबाराशे मीटर वर आलेलो असतो. मधला दिवस बर्फावरच्या सरावाचा. मग लेडी लेग हा वरचा कॅम्प, साधारण ३९०० मीटर. तिथे एक रात्र विश्रांती, दुसऱ्या रात्री चढाई, वर एक राखीव दिवस. मनाली ते मनाली नऊ दिवस होतात. त्याहून कमी करू नका.

तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा फार वाढवू नये हा नेहमीचा नियम. बकरथाच ते लेडी लेग हा टप्पा त्याहून थोडा जास्त आहे, म्हणून खालच्या दोन रात्री सोडायच्या नाहीत. डोकं दुखणं आणि भूक न लागणं ही उंचीच्या त्रासाची सुरुवात. तेव्हा तिथेच थांबायचं, वर जायचं नाही. चालताना तोल जाणं, असंबद्ध बोलणं, बसल्या जागी धाप लागणं किंवा खोकल्यातून फेस येणं दिसलं की रात्र असो, पाऊस असो, त्या माणसाला लगेच खाली न्यायचं. टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत दहा पावलं चालायला सांगा. जमत नसेल तर वाद घालण्यात वेळ घालवू नका. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायची असेल तर डॉक्टरांशी आधी बोला. प्रतिबंधासाठी सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात, आणि सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर हे डॉक्टरांना आवर्जून सांगावं लागतं.

परवानगी आणि नोंदणीचे नियम हंगामागणिक बदलतात. मनालीत पोचल्यावर वन खातं आणि अटल बिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्था इथे चौकशी करूनच पुढे जा. धुंदीच्या वर मोबाइलच्या भरवशावर राहू नका. परदेशातून आणलेला सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र परवानगीशिवाय भारतात वापरणं बेकायदा आहे. नातेवाइकाने अमेरिकेहून प्रेमाने पाठवलेलं ते यंत्र घरीच ठेवा.

सामान: भाड्याचं घेताना काय तपासायचं

बूट, क्रॅम्पॉन, आइस अ‍ॅक्स (बर्फात रोवायचं कुऱ्हाडीसारखं हत्यार), हार्नेस (दोर अडकवायचा कमरेचा पट्टा) आणि हेल्मेट मनालीत भाड्याने मिळतात. घाईत घेतलेला बूट शिखर घालवतो. दुपारनंतर, पाय थोडे फुगलेले असताना, एक पातळ आणि एक जाड लोकरी मोजा घालून बूट चढवा. जिन्याच्या पायरीवर बोटांकडून चार लाथा मारा. बोटं पुढे आपटली तर एक नंबर मोठा घ्या. टाच अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जास्त उचलली जात असेल तर दुसरा जोड बघा. घट्ट बूट जास्त उबदार हा गैरसमज आहे. रक्त अडतं आणि हिमदंश तिथूनच सुरू होतो.

क्रॅम्पॉन दुकानातच त्याच बुटावर बसवा. पट्टा न बांधता बूट उचलला तरी क्रॅम्पॉन लटकून राहिला पाहिजे, तेवढी लांबी जुळायला हवी. दाते बोथट आहेत का, पट्ट्यांना चिरा आहेत का, जोडपट्टीचा स्क्रू हलतो का ते पाहा. तळाला प्लॅस्टिकची किंवा रबराची पट्टी आहे याची खात्री करा. ती नसेल तर सकाळी नऊनंतर प्रत्येक पावलाला किलोभर बर्फ चिकटतो आणि दाते जमिनीला लागतच नाहीत. पट्टे बांधताना बकल पायाच्या बाहेरच्या बाजूला, आणि उरलेलं टोक खोचून टाका. लोंबणाऱ्या टोकावर दुसऱ्या पायाचा दाता पडला की माणूस तोंडावर पडतो.

आइस अ‍ॅक्स ५५ ते ६५ सेंटिमीटरचा पुरतो. हेडटॉर्चला नवे सेल आणि जोडीला एक राखीव संच. तो अंगालगतच्या खिशात, कारण थंडीत सेल अर्धे होतात. हातमोजे दोन जोड, एक आतला आणि एक जलरोधक, शिवाय सॅकमध्ये एक जास्तीचा. गेटर (बुटावरून पोटरीपर्यंतचं आवरण) हवेतच. गॉगल बाजूनेही झाकणारा, श्रेणी ३ किंवा ४ चा. ताजा बर्फ सूर्याचे ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत फेकतो, त्यामुळे सनस्क्रीन हनुवटीखाली, नाकपुड्यांच्या कडेला आणि कानामागेही लावायचं. हिमांधत्व लगेच जाणवत नाही. सहा-आठ तासांनी, तंबूत पोचल्यावर डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं.

विमानाने येणाऱ्यांसाठी: अ‍ॅक्स आणि क्रॅम्पॉन चेक-इनच्या बॅगेत, पॉवर बँक हातातल्या बॅगेत, आणि गॅसचे कॅनिस्टर कुठेच नाहीत. ते मनालीतच विकत घ्या.

सरावाचा दिवस

हा दिवस फोटो काढण्यात जातो, आणि तो तसा जाऊ नये. बकरथाचच्या वर असा उतार शोधा की जो खाली सपाट होतो आणि जिथे दगड नाहीत. क्रॅम्पॉन काढून, हेल्मेट आणि हातमोजे घालून, जाकीट पँटमध्ये खोचून सुरुवात करा.

आधी साधं चालणं. बुटाने पायरी करताना लाथ गुडघ्यातून झुलवायची. मांडीच्या जोरावर मारली की वीस पावलांत माणूस थकतो. पायरी किंचित आतल्या बाजूला कलती हवी. तिरपं चढताना अ‍ॅक्स नेहमी डोंगराकडच्या हातात. वळणावर आधी अ‍ॅक्स रोवा, मग पाय वळवा, मग हात बदला. एका वेळी एकच वस्तू हलवायची: पाय, पाय, अ‍ॅक्स. तीच लय रात्री अर्धवट झोपेत टिकली पाहिजे. क्रॅम्पॉन घातल्यावर तळवा पूर्ण टेकवा म्हणजे खालचे सगळे दाते बसतात, आणि दोन पायांत एक हात अंतर ठेवा. स्वतःच्याच गेटरमध्ये दाता अडकून पडणं हे नवख्यांच्या घसरण्याचं नेहमीचं कारण.

मग घसरण थांबवणं:

१. एक हात अ‍ॅक्सच्या डोक्यावर, अंगठा रुंद पात्याखाली. दुसरा हात दांड्याच्या खालच्या टोकाशी. ते टोक झाकलं नाही तर मांडीत घुसतं.

२. रुंद पातं खांद्याच्या खोबणीत, कॉलरबोनच्या जरा खाली. दांडा छातीवर तिरका, दुसऱ्या कुशीपर्यंत.

३. पाठीवर घसरत असाल तर अ‍ॅक्सच्या डोक्याच्या बाजूला वळून पोटावर या. दांड्याच्या टोकाकडून वळलात तर टोक बर्फात अडकतं आणि अ‍ॅक्स हातातून उडतो.

४. छातीचं वजन टोचावर, म्हणजे अ‍ॅक्सच्या डोक्याच्या अणकुचीदार बाजूवर टाका, तोंड अ‍ॅक्सपासून फिरवा, पार्श्वभाग उचला, गुडघे फाकवा. पायात क्रॅम्पॉन असतील तर पावलं वर. दाते अडकले की शरीर उलटं फेकलं जातं.

बसून, पाठीवर, आणि शेवटी डोकं खाली करून घसरत दोन्ही बाजूंनी दहा-दहा वेळा करा. डोकं खाली असेल तर टोच बाजूला, हात लांब करून रोवायचा. शरीर त्याभोवती फिरतं आणि पाय खाली येतात, मग नेहमीची पकड. दुपारच्या मऊ बर्फावर हे सोपं वाटतं. पहाटे तीनच्या कडक बर्फावर पहिल्या एक-दोन सेकंदांत थांबला नाहीत तर वेग हाताबाहेर जातो. त्यामुळे खरा भरवसा पाऊल टाकण्याआधी रोवलेल्या अ‍ॅक्सवर. घसरण थांबवणं ही त्यानंतरची गोष्ट.

चढाईची रात्र

रात्री दहाला उठा, साडेअकराला चालायला लागा. दीड तास जास्त वाटतो, पण बर्फ वितळवून पाणी करणं, चार घास खाणं आणि गोठल्या बोटांनी हार्नेस बांधणं यात तो पुरता जातो. माणशी दोन लिटर पाणी, त्यातलं एक लिटर थर्मासमध्ये गरम. नळीची पिशवी नको, नळी गोठते. बाटली उलटी ठेवा. बर्फ वरून धरतो, म्हणजे बूच मोकळं राहतं. खायला तूपगुळाची दशमी, खजूर, राजगिऱ्याचे लाडू. बरेच चॉकलेटचे बार इतके कडक होतात की दात लागत नाही. खाऊ आतल्या जाकिटाच्या खिशात, आणि दर तासाला दोन घास, भूक असो नसो. निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. सगळे कपडे चढवून निघालात तर वीस मिनिटांत घाम येतो आणि पहिल्या थांब्यावर तोच गोठतो.

लेडी लेगपासून माथा सुमारे १४०० मीटर वर आहे. कळसूबाईची समुद्रसपाटीपासूनची उंची १६४६ मीटर, म्हणजे त्याच्या जवळपास चढ एका रात्रीत, आणि तोही विरळ हवेत. विश्रांती धरून तासाला १५० मीटर हा चालण्यासारखा वेग. त्या हिशेबाने अडीच वाजता ४३५० मीटर, साडेपाचला ४८००, पावणेनऊच्या सुमारास माथा. हे आकडे कागदावर लिहून खिशात ठेवा आणि उंची दाखवणारं घड्याळ कॅम्पवरच बरोबर लावून घ्या. साडेपाचला तुम्ही ४६५० च्या खाली असाल तर शिखर वेळेत होणार नाही, हे तेव्हाच मान्य करायचं. नऊ वाजता जिथे असाल तिथून मागे. माथा शंभर मीटरवर दिसत असेल तरीही, कारण वेग तेव्हा शंभर मीटरला पाऊण तास असा झालेला असतो.

सह्याद्रीत भराभर चढून माथ्यावर दम खायची सवय असते. ती इथे मोडावी लागते. बोलता येईल एवढ्याच वेगाने चला. प्रत्येक पावलानंतर मागचा गुडघा क्षणभर सरळ करून वजन हाडांवर घ्या, मग पुढचं पाऊल. पायऱ्या करणाऱ्या पहिल्या माणसाला पन्नास-साठ पावलांनंतर बदला. तो नको म्हणाला तरी.

दोर कधी बांधायचा यावर गटात हटकून वाद होतो. भेगांच्या भागात बांधायचाच: तीन किंवा चार जण, मध्ये आठ ते दहा मीटर, दोर बर्फाला जेमतेम टेकेल इतका ताणलेला, हातात वेटोळी न धरता. वेटोळी हातात असली की पडणारा तेवढं जास्त पडतो. उभ्या, कडक उतारावर मात्र नुसता दोर बांधून सगळे एकदम चालणं धोक्याचं. एक घसरला तर बाकीचे मागोमाग. तिथे स्नो स्टेक (बर्फातली मेख) ठोकून गाइडने फिक्स्ड रोप (मेखेला पक्का बांधलेला दोर) लावावा, नाहीतर ज्याला तो उतार दोराशिवाय झेपत नाही त्याने तिथून खाली यावं. माथ्याजवळच्या धारेवर वाऱ्याने बांधलेली बर्फाची छज्जी असतात. ती वरून पक्की जमीन वाटते. धारेच्या कडेपासून चार-पाच मीटर आत राहा आणि फोटोसाठी मागे सरकू नका.

उतरणं

माथ्यावर पंधरा मिनिटं पुरेत. उतरताना सॅक घट्ट, गॉगल डोळ्यावर, आणि जो सगळ्यात थकलेला तो पुढे, जाणता मागे. बर्फ कडक असेपर्यंत पावलं लहान आणि तळवा सपाट. वरचा थर पाच-सात सेंटिमीटर मऊ झाला की टाच रोवत उतरा: पाय सरळ, अंग किंचित पुढे, वजन पूर्ण टाचेवर. मागे झुकलात की पाय निसटतो. नवखे घाबरून नेमके मागे झुकतात.

दर काही पावलांनी अ‍ॅक्सच्या दांड्याने बुटावर टकटक करून गोळे झाडा. उतारावर छोटे बर्फाचे चेंडू आपोआप घरंगळताना दिसले, किंवा पाय पोटरीपर्यंत जाऊ लागला, तर ओला बर्फ सुटण्याची ती सूचना. उघड्या घळीतून बाजूला होऊन एकेकाने, अंतर ठेवून उतरा. बसून घसरत उतरायचा मोह इथे होतोच. क्रॅम्पॉन काढलेले, दोर सोडलेला, खालचा सपाट भाग स्पष्ट दिसतोय आणि मध्ये भेग वा दगड नाही, या चारही अटी पुऱ्या होत असतील तरच. क्रॅम्पॉन घालून घसरणाऱ्याचा घोटा मोडतो, यात अपवाद शोधू नका.

बाराच्या आत लेडी लेगला पोचायला हवं. त्याच दिवशी बकरथाचला उतरायची घाई करू नका. बर्फाचं पाणी दुपारनंतर नाल्यांना भरतं आणि जूनमध्ये नाल्यांवरचे बर्फाचे पूल संध्याकाळी सगळ्यात कच्चे असतात. खालून पाण्याचा आवाज येत असेल, मधोमध बर्फ करडा पडून खचलेला दिसत असेल, तर तो पूल वापरायचा नाही, वरच्या बाजूने वळसा घ्यायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या आत निघा. पुलावर एका वेळी एकच जण, सॅकचे कमरेचे आणि छातीचे पट्टे सोडलेले, पुढे अ‍ॅक्सच्या दांड्याने टोचत. दांडा विनासायास पूर्ण आत गेला तर मागे या आणि दुसरी जागा बघा.